पाठीमागून येणारं पाणी

“येत्या शनिवारी कालव्याला पाणी येईल,” ब्रदर अमोस म्हणाला.

चर्चमागच्या हॉलमध्ये आमच्या तरुण संघाची सभा चालली होती. मे महिना, वीज गेलेली, सतरंजीवर सगळे घामाघूम. अमोसनं गिटार मांडीवरून उतरवून भिंतीला टेकवली आणि हे वाक्य इतक्या सहज म्हटलं, की मला वाटलं, पाटबंधारे खात्याचा निरोपच सांगतोय.

शांतवन हसला. तो आमचा ढोलकीवाला. उपासनेत गंभीर चेहरा करून वाजवायचा आणि बाहेर आला की पाळकसाहेबांची नक्कल करायचा.

“कालव्याला? ब्रदर, धरणात नुसता गाळ उरलाय. या उन्हाळ्यात आवर्तन नाही, पेपरात आलंय. पाणी सोडणार कोण?”

“तोच प्रश्न आहे, शांतवन,” अमोस म्हणाला. “सोडणार कोण?”

अमोस कधीच आवाज चढवत नसे. उलट महत्त्वाचं काही सांगायचं असलं की तो आणखी हळू बोलायचा, आणि आम्ही सगळे नकळत पुढे सरकायचो. तसंच झालं. “मला दाखवण्यात आलंय,” तो म्हणाला. “शनिवारी सकाळी आपण कोरड्या कालव्यात गुडघे टेकायचे. पाणी आपल्याकडे येईल. तुम्हाला तान्हेपणी डोक्यावर चार थेंब शिंपडले, त्याला तुम्ही बाप्तिस्मा म्हणता. खरा बाप्तिस्मा शनिवारी होईल. माणसाच्या हातून नाही.”

शेजारी बसलेल्या माझ्या बहिणीनं माझा हात धरला.

आम्ही दोघी बहिणी, मी नाओमी आणि माझ्या पाठची सलोमी. पपांना यमक आवडायचं. ते मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते, आणि मीही त्याच शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव लहान, त्यात आमचं मिशन कंपाउंड आणखी लहान. पण चर्चच्या भोवती सारखं काहीतरी चाललेलं असायचं. बुधवारी भगिनी मंडळ, शनिवारी तरुण संघ, रविवारी मुलांची संडे स्कूल, नाताळच्या आधी महिनाभर घरोघरी गाणी. भगिनी मंडळाच्या प्रमुख म्हणजे शांतवनच्या आई, सगुणामावशी. कुणाचं बाळंतपण असो की मयत, त्यांच्या हातचा चहा आणि त्यांचा खणखणीत आवाज दोन्ही तिथं पोचायचे.

अमोस आमच्याकडे आला तो गाणं शिकवायला. कुठल्याशा बायबल कॉलेजातून आलो असं म्हणायचा. पाळक आढावसाहेब थकले होते, तरुण मुलं चर्चला येईनाशी झाली होती, आणि या माणसाच्या गिटारमुळे हॉल पुन्हा भरू लागला. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

बदल झाला तो हळूहळू. आमच्यात भेटल्यावर ‘सलाम’ म्हणायची रीत होती. संघातली मुलं ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणू लागली, आणि ‘सलाम’ म्हणणाऱ्याला उत्तर देईनाशी झाली. मग उपवास सुरू झाले. मग जुनी भजनं नकोत, त्यात आत्मा नाही. मग घरी काय चाललंय ते अमोसला सांगायचं, पण अमोसकडे काय चालतं ते घरी सांगायचं नाही. नाताळात मुलींची नाटुकली बसवणारी, खळखळून हसणारी सलोमी आता जेवताना डोळे मिटून इतका वेळ प्रार्थना करायची की भाजी निवून जायची. आई पपांकडे पाहायची. पपा म्हणायचे, “वय आहे. भक्ती लागली तर वाईट काय?”

त्या सभेनंतर घरी येताना मी तिला विचारलं, “तुला खरंच वाटतं, पाणी येईल?”

“तुला नाही वाटत?”

“मला भीती वाटतेय, सलोमी.”

“तुझा विश्वास नाही म्हणून भीती वाटते.” ती थांबली. “तू नको येऊस, ताई. पण पपांना सांगितलंस, तर मी तुझी कुणी नाही.”

मी पपांना सांगितलं नाही. आढावसाहेबांना मात्र सांगितलं. ते व्हरांड्यात पाय सोडून बसले होते, पायांना सूज होती. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला.

“कोरड्या कालव्यात प्रार्थना करणार. एवढंच ना?”

“हो, पण तो म्हणतो पाणी येणार.”

“नाही येणार, बाई. धरणात आहे कुठं? तासभर उन्हात गुडघे भाजतील, मग आपोआप शुद्धीवर येतील. आपण अडवलं तर तो हुतात्मा होईल.” मग मला धीर द्यायला म्हणाले, “तूही जा त्यांच्याबरोबर. तू असलीस म्हणजे मला काळजी नाही.”

त्यांचं म्हणणं मला पटलं. तरीही तो आठवडा मला नीट झोप लागली नाही.

शनिवारी दिवस उगवताना आम्ही निघालो. संघातली निम्मी मुलं-मुली आली होती, सगळी पांढऱ्या कपड्यांत. शांतवनही होता. ढोलकी आणली नव्हती.

“तू कसा काय?” मी विचारलं. “तुला तर पटत नाही ना?”

तो पुढे चाललेल्या सलोमीकडे बघत होता. “कुणीतरी असायला पाहिजे ना,” म्हणाला. आणि लगेच आढावसाहेबांच्या सुरात, “बंधू-भगिनींनो, आपण येथे पाण्याविना पोहण्यास जमलो आहोत.” मी हसले. तेवढंच.

कालवा गावापासून जरा दूर होता. दोन्ही काठ सिमेंटचे, तिरके, उंच. पुलाजवळ बायकांना धुणं धुवायला पायऱ्या बांधलेल्या होत्या. आम्ही त्या पायऱ्यांनी खाली उतरलो. तळाच्या गाळाला तडे गेले होते, कडेला वाळलेल्या माशांचे काटे, चपला, बाभळीच्या फांद्या पडलेल्या. मला वाटलं, इथंच बसायचं. पण अमोस आम्हाला पुढे घेऊन गेला, वळणाच्याही पलीकडे. तिथून पूल दिसेनासा झाला.

“इथं का?” मी विचारलं.

“पुलावरून लोक बघतील. हा तमाशा नाही.”

त्यानं आम्हाला एका रांगेत गुडघ्यावर बसवलं. धरण होतं त्या बाजूला आमच्या पाठी. तो स्वतः आमच्या समोर, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

“पाणी तुमच्या पाठीमागून येईल,” तो अगदी हळू म्हणाला. “मागं वळून पाहायचं नाही. लोटाची बायको मागं वळली आणि मिठाचा खांब झाली, ते आठवा. डोळे मिटा. काही झालं तरी उघडायचे नाहीत. जो उघडेल, त्याचा विश्वास नाही.”

सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. माझ्या डाव्या हाताला सलोमी, तिच्यापलीकडे शांतवन.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन मानेवर चढलं. कुणीतरी रडू लागलं, कुणी पुटपुटत होतं. मग अचानक माझ्या पायावरून काहीतरी सरसर गेलं. मी दचकून डोळे उघडले. एक सरडा होता. त्याच्यामागून दुसरा. मग उंदीर, एक मुंगूस, पुन्हा उंदीर. सगळे एकाच दिशेनं, आमच्यामधून वाट काढत, पळत चालले होते. आणि वारा नसताना ओल्या मातीचा वास आला.

मी समोर पाहिलं. अमोसचे डोळे उघडे होते. तो आमच्याकडे पाहत नव्हता, आमच्या डोक्यांवरून लांब वळणाकडे पाहत होता, स्टँडवर उभं राहून एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखा. त्यानं एकदा मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

तेव्हा मला कळलं की पाणी खरंच येणार आहे, आणि याला ते माहीत आहे.

तेवढ्यात ते आलंही. आधी नुसती ओल, मग पातळ, फेसाळ, काड्या-पानं वाहून आणणारं पाणी आमच्या गुडघ्यांना लागलं. एकच कल्लोळ उठला. “हालेलुया! हालेलुया!” मुलं हात वर करून रडत होती. सलोमीच्या मिटल्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तिचा चेहरा इतका सुंदर दिसत होता की मला वाटलं, कदाचित मीच चुकतेय. शांतवनदेखील डोळे मिटून थक्क झाल्यासारखा बसला होता.

अमोस हसत होता. मग त्याचं हसू थांबलं.

त्यानं वळणाकडे काय पाहिलं ते मला दिसलं नाही. मी त्याचा चेहरा पाहिला. त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, ओरडणार. पण तो ओरडला नाही. आम्हा सगळ्यांकडे, त्या मिटलेल्या डोळ्यांकडे त्यानं एक नजर टाकली, वळला, आणि हातापायांवर तिरका काठ चढून वर गेला. एक शब्दही न बोलता.

मग मला आवाज ऐकू आला. ट्रक माल ओततो तसा, पण न थांबणारा.

“उठा!” मी ओरडले. “डोळे उघडा! तो पळाला, वर चढा!”

काहींनी उघडले. किंचाळ्या उठल्या. सिमेंट ओलं होऊन निसरडं झालं होतं, चढलेला पुन्हा खाली येत होता. एकाचा हात धरून दुसरा, असे कसेबसे वर जात होते. सलोमी मात्र हलली नाही. दोन्ही हात वर, डोळे घट्ट मिटलेले.

“सलोमी, ऊठ!”

“उघडू नको, ताई,” ती म्हणाली. “थांबेल ते. आपल्यापाशी येऊन थांबेल.”

वळणावरून जे आलं ते पाणी दिसतच नव्हतं. बाभळीच्या फांद्या, पाचट, प्लॅस्टिक, मेलेलं कुत्रं, यांची एक काळी भिंत पुढे सरकत होती आणि पाणी तिच्या मागे होतं. शांतवननं एकदाच मागं वळून पाहिलं. मग त्यानं सलोमीला कमरेला धरून उचललं आणि काठाकडे ढकललं. ती हातपाय झाडत होती, त्याला मारत होती. मी काठाच्या भेगेत उगवलेलं एक रोपटं धरून वर झाले होते. खाली वाकून मी तिची वेणी धरली आणि सगळं बळ लावून ओढलं. खालून तो रेटत होता. त्याचे दोन्ही हात वर होते आणि पाणी त्याच्या छातीला आलं होतं.

“घेतली का?” तो ओरडला.

“घेतली!”

तो हात मोकळे करून वर यायला वळला. तेवढ्यात एक आख्खी बाभूळ त्याच्यावर आली. पुन्हा तो दिसला नाही.

पाणी थांबलं नाही. ते आमच्या पायांखालून दोन्ही काठ भरून धावत राहिलं, आणि थोड्या वेळानं इतकं शांत, संथ झालं, जणू तिथं नेहमीच वाहत होतं.

शांतवन दुपारी कालव्याच्या पुढच्या गेटपाशी सापडला. बाकी सगळे वाचले. चर्चची घंटा मयताला वाजवतात तशी सावकाश वाजत राहिली, आणि सगुणामावशी हॉलच्या पायरीवर बसून होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या मयताला चहा करणाऱ्या त्या बाईला त्या दिवशी चहा कुणी करायचा, हेच कुणाला सुचत नव्हतं. अखेर माझ्या आईनं केला. त्यांनी तो हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत.

पोलिसांपुढे पाटकऱ्यानं, म्हणजे कालव्यावर पाणी सोडणाऱ्या सरकारी माणसानं, सगळं सांगितलं. खालच्या गावांना प्यायला पाणी नव्हतं, म्हणून धरणाच्या तळाशी राखून ठेवलेल्या पाण्यातून एक आवर्तन गुपचूप सोडायचं ठरलं होतं. आधी कळलं तर लोक मोटारी लावून चोरतात, म्हणून गाजावाजा करायचा नाही असा वरून हुकूम होता.

“पण एक पोरगा आला होता,” पाटकरी रडत म्हणाला. “लई गोड बोलला. म्हणाला, कालव्याच्या कडेला गरिबांची पालं आहेत, पाणी केव्हा येणार ते सांगा, म्हणजे त्यांना आधी हलवतो. मी सांगितलं. म्हटलं, चांगलं काम करतोय.”

पाणी हळूहळू चढणार, असंच त्यानं अमोसला सांगितलं होतं. पण वरच्या बाजूला, रस्त्याखालच्या मोरीत झुडपं आणि कचरा अडकला, पाणी मागं तुंबलं, आणि मग सगळं एकदम सुटलं.

अमोसची खोली रिकामी होती, आणि पोलिसांनी अपघात म्हणून नोंद करून प्रकरण मिटवलं. गिटार तेवढी हॉलमध्ये भिंतीला टेकलेली राहिली. आढावसाहेब त्यानंतर फार दिवस व्यासपीठावर उभे राहू शकले नाहीत. “आपोआप शुद्धीवर येतील म्हणालो होतो मी,” एवढंच ते मला एकदा म्हणाले.

सलोमी बोलेनाशी झाली. आम्हाला वाटलं, धक्का बसलाय. भगिनी मंडळाच्या बायका पाळीपाळीनं तिच्याजवळ बसायच्या. मावशीसुद्धा यायच्या, तिच्या केसांना तेल लावायच्या. एकदा मी तिला भात भरवत होते, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “तू मला का ओढलंस?”

“का म्हणजे? बुडाली असतीस.”

“थांबलं असतं ते. तू ओरडलीस म्हणून थांबलं नाही.”

तिचा आवाज अमोससारखा खाली उतरलेला होता. मी तिला पाटकऱ्याचं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं, तो कसा एक शब्द न बोलता वर चढला ते सांगितलं. ती ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कीव होती. पाऊसकाळ सरल्यावर एका सकाळी तिचं अंथरूण रिकामं दिसलं. पुढे कळलं की ती सोलापूरकडे अमोसच्या सभेत आहे. त्याहून पुढे कळलं की त्यांनी लग्न केलं. पपा तिचं नाव न घेता गेले.

पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः शाळेतून निवृत्त व्हायला आले असताना, नगरला मोठ्या मैदानावर तीन दिवसांची सभा भरली. भिंतींवर सगळीकडे फलक होते: सिस्टर सलोमी यांची साक्ष. सगुणामावशी काठी टेकत माझ्याकडे आल्या.

“मला घेऊन चल.”

“कशाला, मावशी? उगाच जिवाला त्रास.”

“तुझ्याखेरीज माझ्या लेकराजवळ शेवटी तीच होती. काय सांगती ते ऐकू दे मला.”

आम्ही मागच्या रांगेत बसलो. मांडव तुडुंब भरलेला. व्यासपीठावर मागे खुर्चीत अमोस, केस पांढरे, हात मांडीवर. पुढे माझी बहीण. ती बोलू लागली आणि हजारो माणसं पुढे सरकली.

“पाणी आलं,” ती म्हणाली. “धरण कोरडं होतं, तरी आलं. माझ्या छातीपर्यंत आलं आणि थांबलं. माझ्या सख्ख्या बहिणीनं मला केसांना धरून बाहेर ओढायचा प्रयत्न केला. सैतानाला घरातल्याच माणसाचा हात मिळतो. पण मी डोळे उघडले नाहीत. आमच्यात एक तरुण होता. त्याला सांगितलं होतं, डोळे उघडू नकोस. त्यानं उघडले. पाण्यानं त्याला नेलं.”

“हालेलुया,” मांडव म्हणाला.

माझ्या शेजारी खुर्ची करकरली. मावशी काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या होत्या. माईक नव्हता, पण भगिनी मंडळाचा तो खणखणीत आवाज अजून तसाच होता.

“उघडले त्यानं डोळे!” त्या म्हणाल्या. “खरंय तुझं, पोरी. उघडले, म्हणून त्याला तू दिसलीस. म्हणून आज तिथं उभी आहेस!”

माणसं वळून पाहू लागली. सलोमीनं आवाजाच्या दिशेनं पाहिलं. तिचा हात एकदम मागे गेला, वेणीच्या जागी, जिथं आता नुसता अंबाडा होता. तिचे ओठ हलले. ती ‘मावशी’ म्हणाली असावी, पण माईक दूर होता. तेल लावून घेणारी माझी बहीण मला क्षणभर तिथं दिसली, आणि मी उठून पुढे जायला पाऊल टाकलं.

अमोस खुर्चीतून उठला. त्यानं तिच्या कोपराला हात लावला, माईककडे वाकला, आणि त्याच हळू आवाजात म्हणाला, “आपण डोळे मिटू या.”

सगळ्या मांडवानं डोळे मिटले. माझ्या पुढ्यातली बाई, तिच्या कडेवरचं पोर, स्वयंसेवक, वाजंत्री, सगळ्यांनी. मावशींचा हात धरून मी त्या माणसांमधून वाट काढत बाहेर आले. कनातीपाशी मी मागं पाहिलं. व्यासपीठावर दोघांचे डोळे उघडे होते. अमोस आमच्याकडे पाहत होता. सलोमीही पाहत होती.

मग तिनंही मिटले.